डावा पुढचा टायर का तापतो: बार्सेलोनाच्या तयारीच्या नोंदी

आमच्या ऑनलाइन लीगची एक तासाची शर्यत २६ मेला बार्सेलोनाच्या ट्रॅकवर आहे. रेसिंग गेम असेटो कोर्सा काँपेतित्सिओने (पुढे नुसतं एसीसी), गाडी बीएमडब्ल्यू एम४ जीटी३. माझ्याकडे डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (थेट मोटरवर बसवलेलं स्टीअरिंग) आहे आणि लोड सेलचा (पायाचा जोर मोजणारा) ब्रेक पेडल. गेल्या वर्षी याच ट्रॅकवर शर्यतीच्या उत्तरार्धात माझे पुढचे टायर गेले होते आणि पाच गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. या वेळी ते होऊ द्यायचं नाही म्हणून तयारी लिहून ठेवते आहे. प्रत्येक नोंद त्या त्या रात्रीचीच आहे. नंतर चुकीचं ठरलेलंही खोडलेलं नाही, कारण हीच वाट धरणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होईल.

६ मे, २ तास

पहिली लांब धाव. शंभर लिटर इंधन, बारा लॅप. पहिले पाच लॅप सुरेख गेले, वेळ १:४५.३ च्या आसपास. सातव्या लॅपपासून तिसऱ्या वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला लागलं. दहाव्यापर्यंत मी स्टीअरिंग फिरवते आहे आणि गाडी आपली सरळ चालली आहे, अशी गत झाली. बाराव्या लॅपची वेळ १:४६.९.

शेवटचे आकडे: डावा पुढचा ९८ अंश आणि २७.९ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं एकक). उजवा पुढचा ८३. डावा मागचा ९१, उजवा मागचा ८५.

ज्यांनी हा ट्रॅक चालवलेला नाही त्यांच्यासाठी: बार्सेलोना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं आणि मोठी, वेगाची वळणं बहुतेक उजवी आहेत. तिसरं वळण तर इतकं लांब आहे की संपतच नाही. गाडीचा सगळा भार डाव्या पुढच्या चाकावर येऊन बसतो. तेव्हा ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडं तापणारच. पण समोरच्या जोडीदारापेक्षा पंधरा अंश जास्त म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे.

गाडीचा सेटअप (टायर, सस्पेन्शन वगैरेंची सेटिंग) विकतचा आहे. आज फाइल नीट उघडून पाहिली तेव्हा लक्षात आलं की तो क्वालिफाइंगसाठी (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या मोजक्या लॅपसाठी) केलेला आहे, इंधन फक्त बारा लिटर धरलेलं. मी त्यात शंभर लिटर भरून बारा लॅप मारत होते. अठ्ठ्याऐंशी लिटर जादा म्हणजे जवळजवळ पासष्ट किलो. सेटअप विकत घेतलात तर आधी इंधनाचा आकडा बघा, मग बाकीचं.

७ मे, दीड तास

प्रेशरचा घोळ सापडला. मी थंड प्रेशर (सुरुवातीला टायरमध्ये भरायचं) एका जुन्या तक्त्यावरून घेतलं होतं. त्यात गरम झाल्यावर साडेसत्तावीसच्या आसपास प्रेशर यावं असं होतं, आणि एके काळी ते बरोबरही होतं. पण एप्रिल २०२३ मध्ये एसीसीची १.९ आवृत्ती आली आणि टायरचं वागणं बदललं. आता जीटी३ वर्गातल्या गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर गरम टायरमध्ये २६ ते २७ पीएसआय लागतं. त्याआधीचे व्हिडिओ आणि तक्ते अजूनही शोधात सगळ्यात वर येतात आणि त्यावर तारीख बघायचं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही. एप्रिलमधल्या चार संध्याकाळी मी याच चुकीच्या प्रेशरवर सराव केला आहे.

डावा पुढचा २५.६ वरून २४.२ केला. बाकीचे तीनही आपापल्या मानाने उतरवले. चारही चाकांना एकच आकडा देऊ नका. ज्या चाकाला जास्त ताप, त्याला सुरुवातीला कमी हवा.

बारा लॅपनंतर डावा पुढचा २६.५. प्रेशर जागेवर आलं. पहिल्या लॅपपासून गाडी जमिनीला धरून चालल्यासारखी वाटते, आणि लॅपची सरासरी तीन दशांश सेकंदाने सुधारली. पण तापमान ९७. म्हणजे प्रेशर चुकलेलं होतं हे खरं, पण आजार तो नव्हता.

८ मे, १ तास

पिट स्टॉपचा सराव. शर्यतीत एक थांबा सक्तीचा आहे. स्ट्रॅटेजीच्या पानावर इंधन, टायर बदल वगैरे भरून साठवून ठेवलं. पिटमध्ये शिरताना दोनदा वेगमर्यादा ओलांडली, मग ब्रेकिंगची खूण ठरवली. बाकी काही नाही.

१० मे, ३ तास

आज उत्साहाच्या भरात टो (वरून पाहता चाकं आत की बाहेर वळलेली), कॅम्बर (चाकाचा उभा कल), पुढचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) आणि मागचा विंग (हवेने गाडी खाली दाबणारा) असं चार गोष्टींना एकदम हात लावला. तापमान ९७ वरून ९१ वर आलं. वेळही चांगली. फार आनंद झाला. लीगच्या गटात स्क्रीनशॉटसुद्धा टाकला.

११ मे, २ तास

कालचाच सेटअप, काहीही न बदलता. डावा पुढचा ९७.

तासभर डोकं धरून बसले. मग दोन्ही दिवसांची सत्रं शेजारी ठेवली. काल हवेचं तापमान १८ अंश होतं, आज २५. हवामान बदलतं ठेवलेलं होतं आणि गेमने आपल्या मनाने काल गार दिवस दिला होता. माझ्या चार बदलांचा त्यात किती वाटा होता, होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही. पाच तास गेले. चारही बदल परत मागे घेतले आणि ७ मेच्या सेटअपवर आले.

१२ मे, अडीच तास

आज गाडीला हात न लावता फक्त मोजायची पद्धत पक्की केली. पुढच्या सगळ्या नोंदी याच पद्धतीच्या आहेत:

हवा २५ अंश, निरभ्र, हवामान स्थिर. दिवसाची वेळ तीच, कारण ऊन कलतं तसा ट्रॅक गार होतो. इंधन शंभर लिटर. टायरचा नवा संच, प्रत्येक धावेला. बारा लॅप, मधे थांबायचं नाही. एका धावेत एकच बदल.

आणि आकडा वाचायचा कुठे, हेही ठरवावं लागलं. याचा मी आधी विचारच केला नव्हता. चौथ्या वळणातून बाहेर पडताना डावा पुढचा ९८ दाखवतो आणि सरळ रस्त्याच्या शेवटी, पहिल्या वळणाच्या ब्रेकिंगआधी, तोच ९४ वर आलेला असतो. स्क्रीनवरचा आकडा टायरच्या गाभ्याचा आहे, पृष्ठभागाचा नाही, म्हणून तो हळू चढतो आणि हळू उतरतो. मी आजवर मनाला येईल तिथे नजर टाकत होते, म्हणजे चार अंशांची चूक आधीपासूनच खिशात. आता चौथ्या वळणाच्या बाहेर, दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या लॅपला, तिन्हींची सरासरी.

टेलिमेट्रीही (गाडीच्या क्षणाक्षणाची नोंद) चालू केली. सेटअपमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर टेलिमेट्री लॅपचा आकडा भरावा लागतो, तो शून्य असेल तर फाइल बनत नाही. फाइल मोटेक आय२ मध्ये उघडते आणि ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आज फाइल नुसती साठवली, पाहिली नाही. ती पाहायला सात दिवस लावले, हे मागाहून लिहिते आहे. या सगळ्या कामातली मोठी चूक हीच.

नव्या पद्धतीने पायाभूत आकडा: डावा पुढचा ९७.

१३ मे, २ तास

पुढचा टो-आउट निम्म्यावर आणला. कल्पना अशी की सरळ रस्त्यावर टायर घासला जाणार नाही. आकडा ९६. शिरताना गाडी थोडी सुस्त झाली. एका अंशासाठी हे परवडत नाही, तरी आज ठेवला.

१४ आणि १५ मे, मिळून ४ तास

कॅम्बर. टायरच्या आतल्या बाजूचं तापमान बाहेरच्या बाजूपेक्षा दहा अंशांनी जास्त दिसत होतं. पुस्तकी उत्तर असं की निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला) कमी करा, म्हणजे टायर सपाट बसेल. ४.० वरून ३.५ केला. आत-बाहेरचा फरक पाच अंशांवर आला. तक्त्यात छान दिसतं. गाभ्याचं तापमान मात्र ९९!

पहिल्या रात्री हे मोजमापाची चूक समजून सोडून दिलं. दुसऱ्या रात्री परत तेच. कारण कळायला वेळ लागला. तिसऱ्या वळणात गाडी बाहेरच्या अंगावर कलते, तेव्हा तोच कॅम्बर टायरला सपाट बसवत असतो. तो काढून घेतला की वळणात पकड कमी होते, टायर जास्त घसरतो आणि घसरणारा टायर तापतो. आत-बाहेरचा फरक मिटवण्याच्या नादात मी मूळ रोग वाढवला. कॅम्बर परत ४.०. आतली बाजू गरम राहू दे.

१६ मे, दीड तास

पुढचे ब्रेक डक्ट (ब्रेकला गार हवा देणाऱ्या वाटा) २ वरून ४. यात ० म्हणजे बंद आणि ६ म्हणजे पूर्ण उघडे. ब्रेकची उष्णता रिममधून टायरच्या हवेपर्यंत पोचते, म्हणून डक्टचा प्रेशरवर सरळ परिणाम होतो. प्रेशर पाव पीएसआय उतरलं. गाभा ९६ वर, म्हणजे जवळपास तिथेच. ब्रेकची डिस्क मात्र बरीच गार पडली आणि पहिल्या वळणाला पेडल थोडा लाकडी वाटायला लागला. डक्ट ३ वर ठेवले. डक्टला हात लावलात तर प्रेशर पुन्हा बसवावं लागतं, हे धरून चाला.

१७ मे, अडीच तास

पुढचा अँटी-रोल बार दोन पायऱ्या मऊ. आकडा ९४. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा फरक. पण शिकेनमध्ये, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या लागोपाठच्या उलटसुलट वळणांत, गाडी दिशा बदलायला आळस करते. मग मागचा विंग एक पायरी कमी करून पाहिला, गाडीचा तोल पुढे यावा म्हणून. तोल आला, पण नवव्या वळणात, जिथे आधी टेकाड दिसतं आणि पलीकडचं काहीच दिसत नाही, तिथे मागची बाजू दोनदा सुटली. दुसऱ्या वेळी भिंत. विंग परत.

रात्री लीगमधल्या एका ज्येष्ठ ड्रायव्हरला, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आकडे पाठवले. त्यांनी सेटअप विचारलाच नाही. म्हणाले, “मोटेकची फाइल पाठव. तिसऱ्या वळणात तुझे हात काय करतायत ते बघू दे आधी.”

१९ मे, २ तास

आजची नोंद जरा सविस्तर लिहिते.

दादांनी माझ्या दहाव्या लॅपच्या दोन रेघा एकाखाली एक लावून परत पाठवल्या: वर स्टीअरिंगचा कोन, खाली गाडीवरचा आडवा जोर. तिसऱ्या वळणाच्या पहिल्या निम्म्यात दोन्ही रेघा बरोबर चढतात. स्टीअरिंग ७० अंशांवर येतं, आडवा जोर आपल्या कमाल पातळीवर पोचतो. इथवर सगळं ठीक. पुढे मात्र स्टीअरिंगची रेघ चढतच राहते, ७५, ८५, शेवटी ९५, आणि खालची रेघ हलत नाही. उलट किंचित खाली वाकते. पंचवीस अंश जादा स्टीअरिंग आणि त्याबदल्यात गाडीने काहीच दिलं नाही. ते पंचवीस अंश सरळ उष्णतेत गेले.

वळण ४ मध्ये तेच. वळण ९ मध्येही तेच, फक्त थोडं कमी. पहिल्या लॅपची रेघ पाहिली तर तिथेही हे होतं, पण नवा टायर ते सहन करत होता.

“गाडी वळत नाही म्हणून तू अजून फिरवतेस, आणि तू अजून फिरवतेस म्हणून ती वळत नाही,” दादा फोनवर म्हणाले. “टायरला जेवढा कोन झेपतो तेवढाच दे. शिरताना वेग थोडा कमी ठेव.”

लगेच बसले. तिसऱ्या वळणात साताठ किलोमीटरने कमी वेगात शिरायचं आणि हात ७० च्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. पहिले तीन लॅप जमलं, डावा पुढचा खरोखर गार राहिला. चौथ्या लॅपला लक्ष गेलं आणि हात आपोआप पुन्हा ९० वर. पाचव्यालाही. हे नुसत्या निर्धाराने जमणारं नाही असं वाटलं. हातांना कळतच नाहीये की टायरची हद्द कुठे संपली.

२० मे, ३ तास

का कळत नाही, ते आज सापडलं.

टायर हद्दीजवळ आला की स्टीअरिंग हलकं व्हायला लागतं. पकड सर्वांत जास्त असते त्याच्या थोडं आधीच ते हलकं होतं. खऱ्या गाडीत आणि चांगल्या सिम्युलेटरमध्ये हीच सूचना हातांना मिळते. मला ती कधी मिळालीच नव्हती. तिसऱ्या वळणात माझं व्हील शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सारखंच जड असतं, आणि मला वाटायचं गाडी अशीच आहे.

आज रीप्ले न पाहता चालवताना फोर्स फीडबॅकच्या (व्हील हातांना देतं त्या जोराच्या) पट्टीवर नजर ठेवली. तिसऱ्या वळणात शिरल्याबरोबर पट्टी वर जाऊन टोकाला चिकटली आणि वळण संपेपर्यंत तिथेच राहिली. याला क्लिपिंग म्हणतात. गेम जितका जोर मागतो तितका माझी सेटिंग देऊ शकत नव्हती, म्हणून ठरावीक मर्यादेच्या वरचं सगळं एकाच पातळीवर कापलं जात होतं. टायर घसरायला लागून जोर थोडा कमी झाला तरी तो त्या मर्यादेच्या वरच असायचा, म्हणून हातांना काहीच फरक कळत नव्हता. मी गेममधला गेन (गेम व्हीलला पाठवतो त्या जोराचं प्रमाण) १०० वर ठेवला होता आणि मोटरची ताकद तिच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्यावर. आवाज वाढवून स्पीकर फाटवायचा, तसा प्रकार.

उलट केलं. मोटरची ताकद वाढवली, गेममधला गेन ६५. पट्टी आता तिसऱ्या वळणात पाऊणच्या आसपास फिरते आणि फक्त कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंच पट्टीवर) आपटलं तर टोकाला लागते. ताकद वाढवताना एकदम वर नेऊ नका, थोडी थोडी वाढवा. मोठी मोटर मनगट दुखवू शकते, आणि भिंतीला धडकताना हात सोडायची सवय हवी.

बाहेर पडून दुसरा लॅप. तिसरं वळण, निम्मं पार झालं, मी सवयीने हात पुढे नेले आणि व्हील बोटांत चक्क सैल झालं. जणू कुणी दोरी ढिली सोडली. मी थांबले, हात दोन बोटं मागे आणले, आणि ते परत भरलं. या ट्रॅकवर मी शेकडो लॅप मारले आहेत आणि हे मला पहिल्यांदा जाणवलं. पुढचे वीस लॅप वेळ न बघता फक्त ती सैल जागा शोधत चालवले.

२१ मे, २ तास

पद्धतशीर बारा लॅप. टो, कॅम्बर, बार सगळं १७ मेच्या रात्री जसं होतं तसंच.

डावा पुढचा ८७.

विश्वास बसेना म्हणून परत एकदा. ८८. उजवा पुढचा ८२. बाराव्या लॅपची वेळ १:४५.५, पहिल्यापेक्षा फक्त दोन दशांशाने मंद. पहिले दोन लॅप पूर्वीपेक्षा किंचित सावकाश जातात, ते मला मान्य आहे. सातव्यापासून पुढे प्रत्येक लॅपला अर्ध्या सेकंदाहून जास्त परत मिळतं.

एक नवी भानगड: टायर गार राहिला म्हणजे प्रेशरही चढत नाही. डावा पुढचा २५.६ वरच थांबला. माझ्या आकड्यांवरून टायर एक अंश तापला की साधारण दहावा हिस्सा पीएसआय वाढतं. तेव्हा थंड प्रेशर २४.२ वरून २५.० केलं. तिसऱ्या धावेत २६.४.

२३ मे, अडीच तास

आता सेटअपकडे पुन्हा नव्याने पाहिलं, कारण आधीचे काही बदल चुकीच्या हातांसाठी केलेले होते. टो-आउट मूळ जागी, शिरताना गाडी लगेच जागी झाली आणि तापमान एका अंशाने वाढलं, चालेल. अँटी-रोल बार एक पायरी कडक, म्हणजे मूळपेक्षा एकच पायरी मऊ. शिकेन सुटसुटीत झाली. डावा पुढचा ८९.

मागचे टायर आता थोडे जास्त काम करतात. ट्रॅक्शन कंट्रोल एक पायरी वाढवला, दहाव्या आणि सोळाव्या वळणातून निघताना मागची चाकं जागीच घसरून फिरायची थांबली.

२५ मे, १ तास

लीगच्या सर्व्हरवर सराव. तिथे हवा २१ अंश आहे. चार अंश गार, म्हणून चारही टायरमध्ये ०.४ वाढवलं. डावा पुढचा थंड २५.४. गरम झाल्यावर २६.५. हे गणित पहिल्यांदाच एका फटक्यात जमलं.

गर्दीत मात्र वेगळं दिसलं. पुढच्या गाडीच्या अगदी मागे तीन लॅप चाललं की डावा पुढचा ९३ वर जातो. समोरच्या गाडीमागची विस्कटलेली हवा पुढचा डाउनफोर्स (हवेचा खाली दाबणारा जोर) खाते आणि टायर पुन्हा घसरतो. उपाय एवढाच सापडला की तिसऱ्या वळणात एका गाडीची जागा सोडून मागे राहायचं आणि सरळ रस्त्यावर परत जवळ यायचं.

२६ मे, शर्यत

अकराव्या क्रमांकावरून सुरुवात. पहिल्या भागात सगळं ठरवल्यासारखं झालं. आठव्या लॅपनंतर पुढच्या गाड्या तिसऱ्या वळणात बाहेर वाहायला लागल्या, मी ७० अंशांत आतून जात होते. वळण ४ च्या ब्रेकिंगला दोन गाड्या, पुढच्या दोन लॅपमध्ये आणखी एक. सतराव्या लॅपला आठव्या क्रमांकावर पिटमध्ये शिरले, डावा पुढचा ९० अंश, २६.६. व्हील त्या क्षणीही बोलत होतं.

पिटमधून बाहेर आले आणि गाडी मऊ गादीवर ठेवल्यासारखी. शिकेनमध्ये डावीकडून उजवीकडे यायला वेळ लावते. मला वाटलं टायर अजून तापायचे आहेत. चार लॅप गेले. मग प्रेशर पाहिलं: डावा पुढचा २५.४, आणि तिथून हलायला तयार नाही.

एसीसीत सुरुवातीच्या टायरचं प्रेशर टायरच्या पानावर असतं आणि पिटमध्ये मिळणाऱ्या टायरचं वेगळं, स्ट्रॅटेजीच्या पानावर. मी ते ८ मेला भरलं होतं. २४.२. त्यानंतर टायरचं पान किमान सहा वेळा बदललं, स्ट्रॅटेजीचं एकदाही उघडलं नाही. पिटमध्ये शिरण्याआधी गाडीतल्या मेनूतही तो आकडा समोर दिसतो आणि तिथेच बदलता येतो. मी फक्त इंधन पाहिलं.

उरलेल्या लॅपमध्ये वेळ चार दशांशाने मागे राहिली. प्रेशर वर आणायला मुद्दाम टायर घासून पाहण्याचा मोह झाला, पण केलं नाही. एक गाडी पुढे गेली, शेवटच्या लॅपला तिला परत गाठलं. आठवा क्रमांक. डाव्या पुढच्या टायरचा शेवटचा आकडा ८६ अंश, २५.५ पीएसआय.

२७ मे, अर्धा तास

एकूण वेळ, शर्यत सोडून: साधारण तेहेतीस तास. त्यातले निम्म्याहून जास्त, म्हणजे १० ते १७ मे, मी गाडी दुरुस्त करत होते. आणि १२ तारखेची टेलिमेट्री फाइल, जिच्यात ९५ अंशांची ती रेघ पहिल्या दिवसापासून होती, फोल्डरमध्ये पडून होती.

स्ट्रॅटेजीच्या चारही साठवलेल्या पर्यायांत प्रेशर आताच बदललं: २५ अंश हवेसाठी डावा पुढचा २५.०, बाकीचे त्याच मापाने. आता स्पा ट्रॅकसाठी पहिली धाव. तिथे मोटेकची फाइल त्याच रात्री उघडेन, आणि सर्वांत आधी पुऑन वळणातली स्टीअरिंगची रेघ.